‘पाटील’ शोधले की तीनशे नावे येतात : ग्राहकयादीतील शोध आणि दुकानातील संगणकाची निगा

धागाकर्ता (कृषी सेवा केंद्र, हातकणंगले तालुका)

आमचे हातकणंगले तालुक्यात खते, बियाणे आणि ठिबकचे साहित्य विकण्याचे दुकान आहे. वडिलांच्या वेळच्या खातेवह्या मी २०११ मध्ये संगणकावर चढवल्या. तेव्हा घाई होती, नोंदी करायला ओळखीच्या दोन कॉलेजच्या मुलांना बसवले होते आणि नाव कसे लिहायचे याचा कोणताही नियम ठरवला नव्हता. यादीत आज चार हजारांच्या वर खाती आहेत. दुकानात येणारी माणसे मात्र अडीच हजारांहून जास्त नाहीत. उरलेली खाती त्याच माणसांची आहेत, फक्त वेगळ्या स्पेलिंगची.

आमच्या भागात ‘पाटील’ एवढेच टाकून शोधले तर तीनशेहून अधिक खाती समोर येतात आणि पहिले नाव जोडले तरी कधी कधी वीसेक उरतात. गेल्या जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत एका पाटलांची अठरा हजार चारशे रुपयांची उधारी काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्याच पाटलांच्या खात्यावर टाकली. दिवाळीत वसुलीचा फोन गेला तेव्हा ते गृहस्थ दुकानात आले, बाकावर बसले आणि एवढेच म्हणाले, की या हंगामात मी तुमच्याकडून एक पोतेही उचललेले नाही. चूक सापडायला मला दोन दिवस लागले.

दुसरी अडचण संगणकाची आहे. तो २०१६ चा आहे, सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे घेतो, पावसाळ्यात मध्येच बंद पडतो आणि कधी कधी बिलावर भलतीच तारीख छापतो. दोन्ही अडचणी एकाच धाग्यात मांडतो आहे, कारण काउंटरवर त्या एकाच वेळी येतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (लेखापालन आणि जीएसटीचे काम, सांगली)

सॉफ्टवेअर बदलण्याचा विचार मनात असेल तर तूर्त बाजूला ठेवावा. यादी अशीच राहिली तर नव्या सॉफ्टवेअरमध्येही हेच चार हजार पाटील जातील.

सर्वप्रथम हे ठरवावे, की ग्राहक ओळखायचा कशावरून. नावावरून ओळखता येत नाही, हे आपल्याला त्या उधारीने दाखवलेच आहे. शेतकरी आणि किरकोळ ग्राहकांसाठी मोबाइल क्रमांक हा शोधण्याचा सर्वांत सोपा धागा असतो, पण तो एकाच रूपात साठवलेला असला पाहिजे. कोणी आधी शून्य लावतो, कोणी अधिक एक्याण्णव लावतो, कोणी पाच अंकांनंतर जागा सोडतो आणि कोणी मराठी कळफलक चालू असताना देवनागरी अंकांत लिहितो. माणसाला हे चारही क्रमांक एकच वाटतात, संगणकाला मात्र ते चार वेगळे मजकूर दिसतात. एक्सेलमध्ये सब्स्टिट्यूट हे सूत्र वापरून मधल्या जागा आणि आडव्या रेघा काढाव्यात, देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलावेत आणि मग राइट या सूत्राने शेवटचे दहा अंक वेगळ्या रकान्यात घ्यावेत. त्या रकान्यावर काउंटइफ हे मोजणीचे सूत्र लावले, की एकापेक्षा जास्त वेळा आलेले क्रमांक लगेच उघडे पडतात. मूळ रकाना पुसू नये.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर माझी एक संपूर्ण दुपार गेली होती. शब्दांमधली किंवा कडेची जास्तीची जागा काढायला आपण ट्रिम वापरतो, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात पुष्कळदा वेगळ्या जातीची, न तुटणारी जागा असते. तिचा संकेतांक १६० आहे आणि ट्रिम तिला हात लावत नाही. नाव दोन्हीकडे डोळ्यांना सारखे दिसते आणि व्हीलुकअप हे शोधाचे सूत्र मात्र ‘सापडले नाही’ असे सांगत राहते. ती जागा आधी सब्स्टिट्यूटने साध्या जागेत बदलावी आणि नंतर ट्रिम लावावे.

मोबाइल क्रमांक शोधण्यासाठी उत्तम असला तरी त्यालाच कायमची ओळख मानू नये. बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांची मुदत उलटल्यावर दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो, शिवाय एका घरातील तीन भाऊ वडिलांचाच क्रमांक सांगतात. म्हणून प्रत्येक खात्याला आपला स्वतःचा ग्राहक क्रमांक द्यावा. तो नुसता अनुक्रमांक असावा. त्यात गाव, वर्ष, आडनाव असे काही कोंबू नये, कारण माणूस गाव बदलतो आणि मग क्रमांक खोटा पडतो.

आपण ज्या छोट्या विक्रेत्यांना माल देता त्यांच्यासाठी मात्र जीएसटी क्रमांक आहेच. त्याची पंधरा अक्षरे असतात, पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. फर्मचे नाव कितीही वेगवेगळे लिहिलेले असले तरी या दहा अक्षरांवरून शोधले, की एका मालकाच्या सगळ्या नोंदी एकत्र दिसतात.

प्रतिसाद २ (पंप आणि मोटारींचे विक्रेते, छत्रपती संभाजीनगर)

वरील प्रतिसादात गावाचा विषय राहिला आहे आणि माझ्या अनुभवात निम्मा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावे शेजारी शेजारी असतात. नोंद करणारा कधी ‘बुद्रुक’ लिहितो, कधी ‘बु.’, कधी इंग्रजीत नुसते ‘बी के’, आणि पुष्कळदा काहीच लिहीत नाही. मोटार दुरुस्तीला गेलेला माझा माणूस एकदा खुर्दऐवजी बुद्रुकला जाऊन परत आला. तेव्हापासून आमच्याकडे गाव टंकता येत नाही, ते तयार यादीतूनच निवडावे लागते. एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशन वापरून अशी यादी अर्ध्या तासात करता येते.

आमच्या शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, उस्मानाबादचे धाराशिव झाले आणि नंतर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्यामुळे आमच्या यादीत एकाच शहराची जुन्या नावाची, नव्या नावाची आणि इंग्रजी लघुरूपाची अशी तीन-तीन रूपे साचली. आता पत्त्याचा शोध आम्ही पिनकोडवरून घेतो. शहरांची नावे बदलली तरी पिनकोडचे सहा अंक तेच राहिले.

प्रतिसाद ३ (मराठी संगणकीय मजकुराचे काम, पुणे)

धागाकर्त्यांनी यादी मराठीत आहे की इंग्रजीत, हे स्पष्ट केलेले नाही. दोन्ही मिसळलेल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

इंग्रजी लिपीत मराठी नावे लिहिली, की एका आडनावाची चार स्पेलिंगे होतात. यावर साउंडेक्स नावाची जुनी युक्ती आहे. तिचे पहिले पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये घेतले गेले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे आणि पुढच्या व्यंजनांना ठरलेले अंक देऊन एकूण चार चिन्हांचा संकेत करायचा, एवढीच ती कल्पना आहे. मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालींत ती तयारच मिळते. चौधरी हे आडनाव ‘ए यू’, ‘ओ यू’ किंवा ‘ओ डब्ल्यू’ अशा कोणत्याही स्वरांनी लिहिले तरी संकेत सी ३६० हाच येतो, आणि लक्ष्मी हे नाव ‘एक्स’ने लिहा किंवा ‘के एस एच’ने लिहा, दोन्ही वेळा एल २५० येतो. मात्र पहिले अक्षरच वेगळे असेल तर ही युक्ती फसते. वाघ ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने, ज्ञानेश्वर ‘डी’ने आणि ‘जी’ने लिहिले जाते, आणि आपल्याकडे अशी नावे थोडी नाहीत. त्यामुळे साउंडेक्स लावण्यापूर्वी नावारंभीचा ‘डब्ल्यू’ सरसकट ‘व्ही’ करावा आणि ‘डी एन वाय’ या सुरुवातीचे ‘जी वाय’ करावे.

देवनागरीत वेगळाच पेच आहे. सुनील आणि सुनिल, कोल्हापूर आणि कोल्हापुर हे फरक निदान डोळ्यांना दिसतात; खरा त्रास न दिसणाऱ्या फरकांचा होतो. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एका कळफलकावरून ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत असा, तर दुसऱ्यावरून साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, पण एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही. कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाटे मंडळींची खाती दोनदा उघडली जाण्यामागे हे कारण असू शकते. ‘ॲड.’चीही तीच गोष्ट आहे, कारण ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोड या संगणकाच्या प्रमाणित अक्षरसंचात २००८ मध्ये आले आणि त्याआधी ते अ, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र असे जोडून लिहावे लागत असे.

यावर आम्ही करतो तो उपाय असा: नावाचा मूळ रकाना जसाच्या तसा ठेवायचा आणि फक्त शोधासाठी शेजारी दुसरा रकाना करायचा, ज्यात अदृश्य चिन्हे, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलंत काढून टाकलेले असतात व ‘ऱ’चा ‘र’ केलेला असतो. सुनील आणि सुनिल दोघेही तिथे ‘सनल’ होतात. अर्थात या चाळणीत पाटील आणि पटेल दोघेही ‘पटल’ होतात, म्हणून तिचा उपयोग संभाव्य नावे समोर आणण्यापुरताच करावा आणि खाते कोणते हे माणसाने ठरवावे.

यादीचा काही भाग जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतातच, इंग्रजी चिन्हांवर चढवलेली मराठी चित्रे असतात. फॉन्ट निघाला, की मागे निरर्थक चिन्हे उरतात.

धागाकर्ता

यादी मिसळलेलीच आहे; मुलांपैकी एकाने मराठीत आणि दुसऱ्याने इंग्रजीत नोंदी केल्या होत्या. काल रात्री दहा अंकांचा रकाना करून पाहिला. सहाशे अकरा क्रमांक एकाहून जास्त वेळा आलेले आहेत. त्यांतील दुहेरी खाती काढून टाकावीत काय? आणखी एक विचारतो: खतविक्रीच्या यंत्रासाठी शेतकरी आधार घेऊन येतातच, तर तोच क्रमांक यादीत टाकून ओळखीचा प्रश्न कायमचा मिटवता येणार नाही का?

प्रतिसाद ४ (लेखापालन आणि जीएसटीचे काम, सांगली)

काढून टाकू नयेत. ज्या खात्यावर कधीकाळी बिल झाले आहे ते पुसले, तर जुन्या बिलांचा आधार जातो. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. एक खाते मुख्य ठरवावे, दुसऱ्याची बाकी जमाखर्चाच्या नोंदीने त्यात वळवावी आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘बंद, पाहा ग्राहक क्रमांक अमुक’ असे लिहून ते निष्क्रिय करावे. एका बैठकीत वीसपेक्षा जास्त खाती जोडू नयेत, आणि सुरू करण्यापूर्वी संपूर्ण डेटाची प्रत काढून ठेवावी. मोबाइल जुळला म्हणजे माणूस जुळला असेही समजू नये. बाप आणि मुलगा यांची खाती चुकून एक केली तर वाटणीच्या वेळी आपल्यालाच साक्षीला बसावे लागेल.

आधार क्रमांक यादीत अजिबात ठेवू नये. यंत्रावर अंगठा लावणे ही अनुदानित खताच्या विक्रीची ठरलेली प्रक्रिया आहे. तो क्रमांक आपल्या उधारीच्या यादीत उतरवून घेणे ही वेगळी गोष्ट झाली. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी व्यवहारांसाठी आधार वापरण्याची आधीची मोकळीक रद्द केली. शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास त्यात अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून असेल, पण जी माहिती आपल्याला लागतच नाही ती सांभाळण्याची जबाबदारी अंगावर का घ्यावी?

प्रतिसाद ५ (संगणक दुरुस्ती, रत्नागिरी)

आता संगणकाकडे वळतो. एक प्रश्न आधी विचारतो, कारण उत्तराचा मला अंदाज आहे: संगणक खताच्या पोत्यांच्याच खोलीत, जमिनीवर ठेवलेला आहे ना?

धागाकर्ता

होय. टेबलाखाली, डीएपी खताच्या थप्पीपासून चार हातांवर.

प्रतिसाद ६ (संगणक दुरुस्ती, रत्नागिरी)

मग पावसाळ्यातला त्रास तिथूनच येत असण्याची शक्यता मोठी आहे. खताची धूळ साध्या धुळीसारखी नसते. ती हवेतील ओल शोषून चिकट होते, आणि अमोनियायुक्त क्षार तांब्याला खातात. आमच्याकडे कोकणात दमटपणामुळेच मदरबोर्डवर हिरवट थर चढतो, तुमच्याकडे त्यात खताची भर पडते. संगणक शक्यतो दुसऱ्या खोलीत न्यावा आणि ते जमत नसेल तर निदान जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच ठेवावा. पंखा आणि प्रोसेसरवरील जाळी ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने तो भरधाव फिरू देऊ नये. रॅमच्या पट्टीचे सोनेरी टोक पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवले, तर मध्येच बंद पडणारे पुष्कळ संगणक सरळ चालू लागतात. हे सर्व वायर काढून ठेवल्यावरच करावे.

तारीख चुकण्याचे कारण बहुधा मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सेल असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, ती घड्याळाच्या दुकानातही मिळते आणि बदलायला दोन मिनिटे लागतात. तारीख चुकली, की बिलाबरोबरच जीएसटीचे संकेतस्थळ उघडतानाही सुरक्षिततेची सूचना येऊन अडते, आणि लोक मात्र इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

दहा मिनिटांच्या सुरुवातीवर एकच खरा उपाय आहे: फिरणाऱ्या चकतीची हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवणे. रॅम चार जीबी असेल तर ती आठ करावी. संगणक ‘वेगवान’ करून देणारी फुकट सॉफ्टवेअरे टाकू नयेत. मी दुरुस्तीला आलेल्या संगणकांवरून ती काढण्याचेच काम करतो. जुनी डिस्क काढण्यापूर्वी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने तिची प्रकृती पाहावी. खराब झाल्यामुळे बदललेल्या किंवा बदलायच्या राहिलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील कप्प्यांची, संख्या वाढत असेल तर त्याच दिवशी प्रत काढावी.

यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडलेला असेल तर तो काढावा, कारण तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो. लहान यूपीएसमधील बॅटरी साधारणपणे बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची असते आणि दोन-तीन वर्षांत थकते. महिन्यातून एकदा, काम जतन करून, भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे. दोन मिनिटांत संगणक विझला तर बॅटरी संपली आहे. वीज जाताना बिलिंग चालू असेल तर डेटा फाइल बिघडू शकते, आणि मग शोधात अर्धीच नावे येतात.

शेवटचा मुद्दा विंडोजचा. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही संगणकातील सुरक्षेची सोय लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. त्यामुळे २०१६ चा संगणक त्यात बसणार नाही. एसएसडी टाकून तो गोदामातील कामासाठी ठेवावा आणि बँक व जीएसटीचे काम वेगळ्या, नव्या संगणकावर न्यावे, असे माझे मत आहे. कोणी ‘क्रॅक’ केलेले विंडोज टाकून देतो म्हणाला, तर नम्रपणे नकार द्यावा.

प्रतिसाद ७ (औषधांचे घाऊक विक्रेते, नाशिक)

प्रत काढण्याबद्दल स्वतःचे सांगतो. आमच्याकडे रोज रात्री पेन ड्राइव्हवर प्रत निघत होती आणि तो पेन ड्राइव्ह कायम संगणकालाच लावलेला असे. २०१९ मध्ये ईमेलमधून आलेल्या खंडणीच्या विषाणूने डेटा कुलूपबंद केला, तेव्हा पेन ड्राइव्हवरील प्रतही त्याच कुलपात गेली. आमच्या लेखापालाकडे मार्चअखेरची प्रत होती म्हणून वाचलो. पुढचे अकरा आठवडे कागदी बिलांवरून पुन्हा भरले.

आता तीन प्रती असतात: एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर जी काम झाले की काढून कपाटात जाते, आणि एक घरी. बिलिंग सॉफ्टवेअर चालू असताना त्याचे फोल्डर नुसते उचलून चिकटवू नये, अशी प्रत पुष्कळदा अर्धवट निघते. सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअपचा पर्याय वापरावा. आणि तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून चार ग्राहक शोधून पाहावेत. पहिल्यांदा आम्ही असे केले तेव्हा आमची प्रत आठ महिन्यांपूर्वीची निघाली, कारण बॅकअप दुसऱ्याच फोल्डरचा होत होता.

धागाकर्ता (सात आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. संगणक पोटमाळ्यावरील खोलीत नेला, तेथून काउंटरपर्यंत वायर ओढली, सेल आणि डिस्क बदलली. आता तो मिनिटभराच्या आत सुरू होतो. रॅमच्या पट्टीवर खरोखरच हिरवट थर होता. खोडरबर फिरवल्यापासून मध्येच बंद पडणे थांबले आहे, पावसाळ्यात पुन्हा पाहावे लागेल.

यादीतील खाती आता दोन हजार सातशे चाळीसवर आली आहेत. गावांची यादी करताना वडिलांना शेजारी बसवले, कारण कोणता मळा कोणत्या वाडीत येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या सांगण्यावरून ‘ओळख’ असा एक जादा रकाना केला. ‘विहिरीजवळचे’, ‘पोस्टमनचे भाऊ’, ‘उसाची टोळी असलेले’ असे खातेवहीच्या समासात त्यांनी लिहिलेले शेरे त्यात उतरवले. संगणकावर चढवताना मी तेच निरुपयोगी समजून गाळले होते. काउंटरवरील मुलगा आता आधी मोबाइलचे शेवटचे चार अंक विचारतो, समोर दोन-तीन नावे येतात आणि हा रकाना वाचून तो खाते निवडतो.

एक जोडी मात्र अडली आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, मोबाइल, सगळे एकच आणि बाकी वेगवेगळी. एक खाते बंद करणार होतो, तेवढ्यात वडील म्हणाले, की ते दोघे चुलतभाऊ आहेत, दोघांच्या वडिलांचीही नावे एकच आहेत आणि फोन एकाच्याच घरात आहे. त्यांच्या ‘ओळख’ रकान्यात काय लिहावे हे अजून ठरलेले नाही. दोघे मिळून खत न्यायला येतील तेव्हा शेतीचे गट क्रमांक विचारून घेईन.